श्रीखंडाच्या डब्यातली पाचवी वस्तू

नव्वदीच्या दशकात माझं संशोधन हा आमच्या घरात जुन्या आजारपणासारखा विषय होता. नातेवाईक भेटले की आधी तब्येत विचारायचे, पोरांचं विचारायचे, आणि निघताना चपला घालता घालता आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि ते तुमचं?" मी म्हणायचो, "चालू आहे." मग ते मान हलवायचे. पुढंपुढं तर काहींनी विचारणंही सोडलं. माणूस किती दिवस विचारणार?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचो आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचो. विद्यापीठानं मला मुदतवाढ दिली होती, मग तिलाही वाढ दिली होती, आणि आता सरळ कळवलं होतं की यंदा दिवाळीच्या आत गाइडची सही आली नाही तर नाव रद्द. गाइड सर सज्जन होते, पण सही म्हटलं की त्यांचा हात जड व्हायचा. शेवटी त्यांनी एक परीक्षा ठरवली. ते एका बंद डब्यात त्यांच्या मनाला येतील त्या वस्तू ठेवणार. मी डबा न उघडता, माझ्या यंत्राच्या चित्रावरून आत काय काय आहे ते सांगायचं. सांगितलं तर सही. नाही तर त्यांच्याच शब्दांत, "आपण दोघांनीही आता मोकळं व्हावं."

यंत्र काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. घाबरायचं कारण नाही, माझ्या बायकोला कळलं होतं.

एक्स-रेच्या नळीतून एकाच जातीचे किरण निघत नाहीत. आखूड लहरींचे कडक किरण, लांब लहरींचे मऊ किरण, मधले सगळे, एकदम बाहेर पडतात, शाळा सुटल्यासारखे. सीटी स्कॅनचं मशीन वस्तूच्या सगळ्या बाजूंनी हे किरण पाठवतं, पलीकडं किती पोचले ते मोजतं आणि त्यावरून वस्तू न कापता तिच्या आतला काप काढून दाखवतं. पण मोजताना ते कडक-मऊ असा भेद करत नाही, सरसकट बेरीज करतं. त्यामुळं दोन घोटाळे होतात. एक म्हणजे वेगवेगळ्या वस्तू चित्रात सारख्याच करड्या दिसतात. दुसरा म्हणजे मऊ किरण वाटेतच अडकतात, बेरीज चुकते आणि चित्रात नसलेल्या रेघा, नसलेले डाग उमटतात.

माझं म्हणणं एवढंच होतं की किरणांची लहरींच्या लांबीप्रमाणं वाटणी करा आणि प्रत्येक वाट्याचं चित्र वेगळं काढा. बायकोला मी साडीच्या दुकानाचं उदाहरण दिलं. ट्यूबलाइटखाली दोन साड्या सारख्या दिसतात, दारात उन्हात नेल्या की एक जांभळी निघते आणि एक चॉकलेटी. ती म्हणाली, "म्हणजे बायका दुकानात करतात ते करायला तुम्हाला इतकी वर्षं लागली." तिला कळलं होतं असं मी म्हणतो ते यावरून.

तर हे यंत्र कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत होतं, माझ्या मेहुण्याच्या फाउंड्रीत. मेहुणा पंपाची बिडाची कास्टिंगं ओतायचा. कास्टिंगच्या पोटात हवेची पोकळी राहिलीय का ते बघायला त्यानं एका दवाखान्यातून जुनं एक्स-रे मशीन भंगारात आणलं होतं. त्याच्यापुढं मिलिंग मशीनचं डिव्हायडिंग हेड बसवलं. त्याचं काम वस्तू नेमकी थोडी थोडी फिरवणं. पलीकडं एक स्फटिक. त्याच्यावर किरण पडला की तो लुकलुकतो, कडक किरणाला जास्त, मऊ किरणाला कमी, आणि एक सर्किट त्या लुकलुकण्याचे दोन ढीग करतं. सर्किट माझं होतं. बाकी सगळं मेहुण्याचं होतं, भिंतीसुद्धा. दाराला शिशाचा पत्रा ठोकला होता आणि मशीन चालू असताना आत कोणी जायचं नाही असा नियम होता. मशीन बंद असतानाही कोणाला जायची इच्छा व्हायची नाही.

अडचण एकच. फाउंड्रीत काम चालू असलं की भट्टीमुळं व्होल्टेज नाचायचं, आणि पलीकडच्या कारखान्यातल्या प्रेसनं जमीन हादरायची. त्यामुळं माझं संशोधन फक्त सुट्टीच्या दिवशी व्हायचं. अख्ख्या वसाहतीला खात्रीची सुट्टी म्हणजे दसरा. म्हणून परीक्षा दसऱ्यालाच ठरली. सरांचं गाव साताऱ्याकडं. सणाला जाताना ते वाटेत सांगलीला उतरणार, निकाल बघणार आणि संध्याकाळच्या गाडीनं आईकडं जाणार.

अष्टमीला ते येऊन डबा देऊन गेले. श्रीखंडाचा गोल प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी, पट्टीवर सरांची सही. त्यांनी तो स्वतःच्या हातानं फिरत्या तबकडीवर ठेवला, मेणानं चिकटवला, आणि "आता याला कोणी हात लावायचा नाही," म्हणून बजावलं. सरांची सही मला डब्यावर सहज मिळाली होती, हे मी त्या वेळी मनात नोंदवलं.

नवमीला सकाळी सासरे आले.

सासरे म्हणजे निवृत्त सुभेदार. गाव कोयनेच्या बाजूला, थोडा ऊस, बाकी पेन्शन. गावात देव होते, घर होतं, पण खंडेनवमीला ते दरवर्षी कुपवाडला यायचे. त्यांचं म्हणणं, हत्यारं जिथं राबतात तिथं पूजा. येताना पोत्यात विळे, कोयते, खुरपी आणि त्यांच्या आज्याची तलवार. फाउंड्रीच्या फरशीवर त्यांनी सगळं ओळीत मांडलं, उंचीप्रमाणं, आणि सावधान म्हटल्यासारखं एकदा ओळीवरून चालत गेले. मेहुण्याची लेथ, ड्रिल, ग्राइंडर जागेवरच होते, त्यांना हलता येत नसल्यामुळं माफी होती.

मग ते माझ्या यंत्राच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू, ह्ये तुमचं हत्यार न्हवं?"

मी म्हणालो, "हत्यार नाही मामा, उपकरण आहे."

"पोट कशावर हाय तुमचं?"

पोट पगारावर होतं. पण दोन दिवस आधीपासून मी यंत्राबद्दल कोणाशीही वाकडं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, न जाणो. मी म्हणालो, "एका अर्थी यावरच."

"मंग हत्यारच."

आमच्याकडं, म्हणजे माझ्या आईवडलांकडं, पूजेला हळद-कुंकू. त्यांच्याकडं शेंदूर. कुंकू वाळलं की झडतं असं सासऱ्यांचं मत. शेंदूर तेलात कालवून लावला की बसला. वाटीत तो त्यांनी श्रीखंडाएवढा घट्ट कालवला होता. अंगठा बुडवून ते एकेका वस्तूला टिळा लावत गेले: एक्स-रेच्या नळीची पेटी, स्टॅबिलायझर, कॉम्प्युटर, माझं सर्किट, फिरती तबकडी, आणि तबकडीवरचा डबा. रुपयाएवढा टिळा, आणि जाडीलाही कमी नाही. वर झेंडूचं फूल. शेवटी माझ्या कपाळालाही लावला. मी समोर उभा राहून हात जोडले. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, हे इथं आधीच सांगून टाकतो.

त्या दिवशी पुजलेलं हत्यार चालवायचं नाही. दसऱ्याला सकाळी नारळ फुटला आणि सासऱ्यांनी परवानगी दिली. फुलं बाजूला काढली, टिळे राहू दिले. मी दार लावून यंत्र सुरू केलं आणि ते आपलं टक, टक करत डबा फिरवत बसलं. आम्ही बाहेर बाकावर. मेहुणा म्हणाला, "दाजी, डब्यात सोपं काहीतरी असलं म्हणजे झालं." मी म्हणालो, सोपं असलं तरी ते मला ओळखता आलं पाहिजे. त्याला हे उत्तर धीर देणारं वाटलं नाही.

दुपारी सर आले. खांद्याला पिशवी, अंगात सणाचा झब्बा. खोलीच्या दारात त्यांनी चपला काढल्या, यंत्राला, टिळ्यांना बघून नमस्कार केला आणि विचारलं, "झालं का?"

मोजणी संपली होती. आकडेमोड कॉम्प्युटरनं केली आणि चित्र खोलीबाहेरच्या प्रिंटरवर सोडलं. त्या काळचा प्रिंटर ओळीओळीनं करकरत छापायचा. एक ओळ, थांबायचं, कागद सरकायचा, दुसरी ओळ. मला ते नेहमी आवडायचं. त्या दिवशी तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच डब्याच्या कडेवर एक काळाकुट्ट डाग उमटायला लागला, आणि मला वाटलं कागद संपावा. कागद भरपूर होता. मेहुण्यानं सणानिमित्त नवा गठ्ठा लावला होता.

चित्र पूर्ण झालं. डब्याचं गोल, आत चार वस्तू, स्वच्छ, वेगवेगळ्या छटांच्या, मी इतक्या वर्षांत काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र. आणि कडेला तो डाग.

सरांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला. "सांगा."

मी चार वस्तू सांगितल्या. एक खडू. एक ॲल्युमिनियमची कांडी. एक प्लॅस्टिकसारखं काहीतरी. एक लाकडाचा तुकडा, गोल. सरांचा चेहरा वाईट नव्हता. मग त्यांनी डागावर नख ठेवलं.

"आणि हे?"

इथं माझ्यापुढं दोन वाटा होत्या. कडेला गडबड झालीय म्हणून सोडून देता आलं असतं. पण गडबड होत नाही हेच तर माझ्या प्रबंधाचं म्हणणं. शिवाय दोन्ही ढिगांतले आकडे समोर होते. मऊ किरण तिथं जवळजवळ सगळे अडले होते, आणि कडकसुद्धा बरेच. मी म्हणालो, "जड काहीतरी आहे सर. शिसं, किंवा त्याच्या जवळपासचं."

"मी डब्यात चार वस्तू ठेवल्या. माझ्या हातानं."

"हो."

"शिसं ठेवलेलं नाही."

"नसेल सर."

"अहो, नसेल काय? नाहीच. तुमचा सगळा प्रबंध कशावर आहे? नसलेली वस्तू दिसू नये यावर." हे ते अजिबात आवाज न चढवता म्हणाले. चढवला असता तर बरं झालं असतं. कागदाची घडी घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली, आणि घड्याळाकडं बघितलं. मेहुणा माझ्या कानाशी पुटपुटला, "दाजी, पाचवी बोलायची नव्हती."

मी म्हणालो, ती आधीच छापली गेली होती.

सरांनी पिशवी उचलली, आणि मला काही सुचेना म्हणून मी कागद घेऊन आत खोलीत गेलो. काही विचार करून नव्हे. घरात पाहुणे रागावून निघाले की मी असाच माजघरात जातो. पण आत गेल्यावर सवयीनं चित्र उलगडलं, आणि तबकडीवरच्या बाणाशी चित्राची दिशा जुळवली, म्हणजे कागदावर जी बाजू वर, तीच डब्याची बाजू समोर आली. डागावर डावा अंगठा, आणि उजवं बोट डब्यावर, त्याच जागी. बोटाला तेलकट लागलं. बघितलं तर बोट शेंदरी.

शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. बी.एस्सी.ला मी याची परीक्षा देऊन पास झालो होतो. तो टिळा मी लावताना बघितला होता, त्याला हात जोडले होते, सकाळपासून तो माझ्या नाकासमोर होता, आणि माझ्या स्वतःच्या कपाळावरही होता. पण टिळ्याला कोणी वस्तू धरतं का? तो असतोच. मीच नव्हे, सरांनीसुद्धा चपला काढून त्याला नमस्कार केला होता. आमच्यात तिथं फक्त यंत्रालाच तो दिसला.

मी सरांना आत बोलावलं आणि बोट दाखवलं. त्यांनी बोट बघितलं, डबा बघितला, कागद बघितला. मग पिशवी खाली ठेवली.

"शक्य आहे," ते म्हणाले. "पण शक्य आहे यावर सही होत नाही. पुसा हे, आणि पुन्हा चित्र काढा. डाग गेला पाहिजे."

मी खिशातून रुमाल काढला, तोवर दारातून आवाज आला.

"पुसायचं न्हाई."

सासरे कधी येऊन उभे राहिले होते कळलं नाही. सरांनी वळून, कुठल्या तरी ज्येष्ठ परीक्षकाला सांगावं तसं त्यांना समजावलं, की हा शास्त्राचा प्रश्न आहे, जावयांच्या पदवीचा प्रश्न आहे. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते लष्करात होते, वरिष्ठांचं पूर्ण ऐकून मग आपलंच करायची त्यांना सवय होती.

"आवं सायेब, सांजचं सीमोल्लंगन हुतंय. त्येच्या म्होरं धुवा, न्हाईतर रंदा मारा. आज पुजल्यालं पुसून पोराचं काय भलं व्हनार हाय का?"

पोर म्हणजे मी. मला तेव्हा केस कमी आणि चाळिशीचा चष्मा होता.

सीमोल्लंघनानंतर चित्र काढायचं तर रात्र होणार, सरांची गाडी जाणार, आणि दसऱ्यानंतर भट्टी पेटली की पुढची खात्रीची सुट्टी दिवाळीला, म्हणजे मुदत संपल्यावर. मी सासऱ्यांकडं बघितलं. ते तलवारीसारखे उभे होते. सरांकडं बघितलं. ते डब्याकडं बघत होते. मेहुणा कोणाकडंच बघत नव्हता.

मग सरांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, पुसायचा नाही. पण अजून एक लावला तर?"

"लावा की. लावायला कोन नगं म्हनतंय? धा लावा."

"एकच लावतो. बरोबर समोरच्या बाजूला. पहिला खरा असेल, तर चित्रात दुसराही लावला तिथंच आला पाहिजे." हे ते मला उद्देशून म्हणाले, पण मी शिकवणीतल्या मुलासारखा नुसता मान हलवत होतो. पुसून जे सिद्ध होणार होतं ते लावूनही सिद्ध होत होतं. मला का सुचलं नाही? माझं सगळं लक्ष रुमालाकडं होतं.

सरांनी पट्टी मागवली, पहिल्या टिळ्याची तबकडीपासूनची उंची मोजली, समोरच्या बाजूला पेन्सिलनं खूण केली. वाटी आणली. त्यांनी तर्जनी बुडवली.

"आंगठ्यानं," सासरे म्हणाले. "बोटानं न्हाई."

सरांनी तर्जनी पुसली आणि अंगठ्यानं लावला. मग सवयीनं नमस्कारही केला.

या खेपेला मी डबा जरा मोठ्या मोठ्या टप्प्यांनी फिरवायचं ठरवलं, म्हणजे चित्र भरड येईल पण उन्हं उतरायच्या आत येईल. मधल्या वेळात बायको मोपेडवरून जेवण घेऊन आली. पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. सर श्रीखंडाकडं बघून म्हणाले, "आज पुरे झालं मला हे," आणि दोनदा घेतलं. सासऱ्यांनी त्यांना लष्करातल्या एक्स-रेची हकिकत सांगितली. जवानाला छाती फुगवून उभं करतात आणि फुगवलेली छाती कागदावर येत नाही, हा सरकारचा लबाडपणा आहे, असं त्या हकिकतीचं तात्पर्य होतं. सरांनी ते गंभीरपणे ऐकलं. मी जेवलो नाही. बायकोनं आग्रह केला नाही, नुसतं ताट झाकून ठेवलं.

प्रिंटर पुन्हा करकरायला लागला तेव्हा आम्ही पाचही जण त्याच्याभोवती उभे होतो. वरच्या कडेला काळा डाग आला. मग डब्याची भिंत. खडू. ॲल्युमिनियम. लाकूड. कागद सरकत होता आणि खालची कड येत नव्हती. सर श्वास रोखून होते असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी बसस्टँडवर जाणाऱ्या रिक्षाला हातानंच थांबायची खूण केली, आणि रिक्षा तिथं नव्हती.

खालच्या कडेला डाग आला. अगदी समोरासमोर.

सरांनी डबा तबकडीवरून काढला, स्वतःच्या सहीची पट्टी फाडली आणि टेबलावर पालथा केला. खडू. ॲल्युमिनियमची कांडी. मेणबत्तीचा तुकडा. एक सुपारी.

"मेणाला तुम्ही प्लॅस्टिक म्हणालात," ते म्हणाले.

"हो सर."

"सुपारीला लाकूड म्हणालात. ते चालेल." आणि त्यांनी सुपारी परत आपल्या चंचीत टाकली. मग माझ्याकडं हात केला. मला कळेना काय हवंय. बायकोनं माझ्या पिशवीतून अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपणही काढून दिलं. सही करायला त्यांना एवढासा वेळ लागला. मी इतकी वर्षं कशाची वाट बघत होतो, तर एवढ्याशा वेळाची.

तेवढ्यात सासऱ्यांनी दुसरं चित्र उचललं होतं. दोन्ही डाग त्यांनी लांबून, जवळून बघितले. "सायेब, तुमचा जरा फिका आलाय."

"फिका नाही, पातळ लावलाय. तुमचा जाड आहे, ते यंत्रानं बरोबर दाखवलंय."

"तेच म्हनतोय. पातळ लावला तुमी."

यावर ते दोघं गेटपर्यंत बोलत गेले. सरांची गाडी अर्थातच चुकली. ते आमच्याबरोबरच सीमोल्लंघनाला आले आणि त्यांनी आपट्याचं पान आधी सासऱ्यांना दिलं, मग मला.

प्रबंधात तो प्रयोग घालावाच लागला, कारण त्यातलं चित्र बाकी सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. खाली लिहिलं, शिशाच्या संयुगाचे दोन नमुने, वेगवेगळ्या जाडीचे. पुढं तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी ते चित्र उचलून धरलं, लहरींच्या वाटणीमुळं जाडीतला फरकही कळतो म्हणून कौतुक केलं. मग त्यांना एकच शंका होती. एवढे नेमके, समोरासमोर, एकाच उंचीवर, हे नमुने बसवले कोणी?

मी म्हणालो, एक घरच्यांनी बसवला. दुसरा कोणी बसवला ते त्यांनीच सांगावं म्हणून गाइड सरांकडं बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, आणि परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारेपर्यंत त्यांनी मान काही वळवली नाही.